गजूभाऊंचा दाढीचा ब्रश

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दारव्हा रोडवर गजूभाऊंच्या गॅरेजसमोर गाडी लावली आणि काच खाली करत सवयीनं हाक दिली, "भाऊ, गॅस टाकून द्या." मग दिसलं, शटर बंद होतं. शेजारचा वेल्डर उठून आला. "भाऊ गेले न सर. मागच्या हप्त्यात तेरवी झाली. तुमाले कोणी सांगतलं नाही?"... तोंडातला तो 'गॅस' गिळायला मला बराच वेळ लागला.

गजूभाऊ गाड्यांच्या एसीचे मेकॅनिक आणि मी भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. तेव्हा अक्कल कोणाकडे, हा प्रश्नच नव्हता, असं मला वाटे. माझी गाडी अठरा वर्षांची, घर कापसाच्या जिनिंग मिलसमोर. दर उन्हाळ्यात एसी गरम वारा फेके आणि मी गजूभाऊंकडे एसीचा गॅस मागत असे. ते म्हणत, "सर, गॅस म्हणजे पेट्रोल नाही, जळून सरायले. कमी झाला असन तर कुठंतरी लिकेज हाये. आधी पाहू तं द्या."

एका मे महिन्यात लेकीला पाहायला मंडळी आली. त्यांना बोरी अरबला आमचं शेत दाखवायचं होतं. मुलाच्या आईला ऊन सोसत नसे. गाडीत एसी आहे ना, असं तिनं आधीच विचारलेलं, आणि मी "बर्फ पडतो" म्हणून बसलेलो. ऐन सकाळी एसीनं दगा दिला. गजूभाऊंची बोलणी टाळावी म्हणून मी बाजारातून गॅसचा डबा आणून स्वतःच भरला. गार होईना म्हणून आणखी भरला. दाब वाढला की तापमान वाढतं, हे तीस वर्षं वर्गात मीच शिकवलेलं. ते गाडीला पाठ होतं, मला नव्हतं. शेवटी जास्तीच्या दाबानं कॉम्प्रेसरच आपोआप बंद झाला.

घरात पोह्यांची दुसरी फेरी चालू असताना मी गॅरेज गाठलं. गजूभाऊंनी मीटर लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती भरला सर?"

"मावेल तेवढा."

"थैली व्हय काय ते?"

त्यांनी मशीननं जास्तीचा गॅस काढला, मग पुढची जाळी उघडली. तिच्यावर उशी भरेल एवढी रुई. "गॅस पहिलेच बरोबर होता. जाळीतून हवा जायलेच जागा नाही. जिनिंगसमोर गाडी ठेवता अन् बिमारी गॅसची सांगता." जुन्या दाढीच्या ब्रशनं त्यांनी जाळी हळूहळू झाडली. मग गाडीत बसून, चष्मा काढून, एसीच्या झरोक्याला गाल लावला आणि डोळे मिटले. नाडी पाहावी तसे. "जा आता. पाहुणे पोहे खाऊन खाऊन फुटतीन."

बोरी अरब येईपर्यंत मुलाच्या आईनं शाल मागितली. सोयरीक जुळली. लग्नात मी जो भेटेल त्याला सांगत होतो की त्या दिवशी गॅस मीच भरला होता. ते काही खोटं नव्हतं. गजूभाऊ शांतपणे जेवत ऐकत होते. आहेरात लेकीला साडी दिली आणि मला, रंगीत कागदात गुंडाळून, तो ब्रश. मी तो गाडीच्या खणात ठेवला, कधी वापरला नाही. स्वतःच जाळी झाडली असती, तर दरवर्षीची बोलणी कोणाची खाल्ली असती...

बंद शटरसमोर डॅशबोर्डचा खण उघडला. ब्रश तिथंच होता. बोनेट उघडून जाळी झाडली, रुई दारव्हा रोडवर उडत गेली. मग आत बसून एसी लावला, चष्मा काढला आणि झरोक्याला गाल लावला.

वेल्डर खिडकीत वाकला. "गॅस कमी हाये काय सर?"

"नाही," मी म्हणालो. "गॅस बरोबर आहे."