भ्यायला अक्कल लागते

माय आधी भ्यायची आणि मग आपण कशाला भ्यालो याचा शोध घ्यायची. पत्र्यावर चिकू पडला की हातातला कप खाली ठेवून ती भिंतीला पाठ लावून उभी राही आणि दबक्या आवाजात विचारी, "काय पडला?" चिकू पडला, असं सांगून भागत नसे. तो चिकू शोधून आणून तिच्या हातात द्यावा लागे. डहाणूच्या वाडीत राहायचं आणि चिकू पडण्याला भ्यायचं, म्हणजे कामाला तोटा नाही.

तलासरीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा, जिला सगळे माय म्हणत त्या घरमालकिणीच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. पहिल्याच भेटीत तिनं भाड्याचं काही न बोलता विचारलं, "तू भिते का?" मी मोठ्या ऐटीत नाही म्हटलं. "मग तुला ठेवून उपयोग काय?" असं म्हणून ती आत गेली. ठेवलं मात्र. पुढे मी तिची मास्तरीण झाले आणि लाडात आली की दिकरी, म्हणजे लेक.

माय इराणी, पारशांसारखीच अग्नीला मानणारी. इराणातल्या येझदजवळच्या कुठल्याशा खेड्यातून आईच्या कडेवर बसून ती इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. आमच्याशी गुजरातीची फोडणी दिलेलं मराठी बोलायची आणि वाडी सांभाळणारी बाई लखमा, हिच्याशी तिच्याच वारली बोलीत भांडायची. दार वाजलं तर ओ द्यायची नाही, आधी श्वास रोखून ऐकायचं, ही सवय तिला आईकडून लागली होती. त्या गावाबद्दल याहून जास्त ती कधीच बोलली नाही. मी हसले की म्हणायची, "हसते काय? भ्यायला पण अक्कल लागते. मूर्ख माणूस भीत नाही, म्हणून तर विहिरीत पडतो."

तिचा मुलगा केकी टोरंटोला होता. एका हिवाळ्यात तो तिला हट्टानं घेऊन गेला. तिथे संध्याकाळी मायनं रिवाजाप्रमाणे लोबान पेटवला आणि धूर घरभर फिरवला, तर छताला लावलेली धुराची घंटा किंचाळायला लागली आणि आगीचा बंब दारात आला. नात तनाझ आपल्या मित्राला जेवायला घेऊन आली, तेव्हा मायनं त्याच्यावरून अंडं ओवाळून उंबऱ्यावर फोडलं. उंबऱ्याबाहेर सगळ्या मजल्याचा मिळून एकच गालिचा होता. केकी ओरडला, "माय, हे डहाणू नाही!" "मग मला डहाणूला सोड," माय म्हणाली आणि खरंच परत आली. पुन्हा म्हणून विमानात पाय ठेवणार नाही, असं तिनं वाडीत सर्वांना बजावून सांगितलं.

आणि मग आमच्याकडची जमीन हलायला लागली.

आधी जमिनीखालून आवाज येई, कुणी दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा. मग भांडी थरथरत. तलासरीला आम्ही मुलांना वर्गाबाहेर झाडाखाली बसवून शिकवत होतो आणि पाढे म्हणता म्हणता मुलं मध्येच गप्प होऊन जमिनीकडे बघत. माझी ऐट पार उतरली होती. आंघोळीला जायचीही मला भीती वाटे. घराघरांपुढे ताडपत्र्या लागल्या आणि माणसं अंगणात झोपू लागली. फक्त माय घराबाहेर यायला तयार नव्हती, कारण देवाच्या फळीवरचा दिवा. तो फुंकून विझवायचा नाही, हा त्यांचा धर्म. एकटा सोडला आणि धक्क्यानं पडला तर घर पेटेल. म्हणून सगळ्या जगाला भिणारी माय तडे गेलेल्या भिंतीखाली दिवा राखत बसली. शेवटी लखमानं चिकूच्या क्रेटमध्ये वाळू भरली, त्यात दिवा रोवला आणि आम्ही दोघींनी मिळून तो बाहेर आणला. त्याच्यामागोमाग माय आली.

केकी रोज फोन करी. "माय, हट्ट सोड. इकडे ये." तिचं उत्तर ठरलेलं असे, "तिकडे घर ओरडते, इकडे घर हलते. हलणारं बरं, ओळखीचं तरी आहे."

त्याच दिवसांत तनाझनं मला तिचा सिनेमा पाठवला. ती तिकडे सिनेमाचं शिक्षण घेत होती आणि अर्ध्या तासाचा एक विनोदी सिनेमा तिनं केला होता. मी संध्याकाळी अंगणात लॅपटॉप मांडला. माय, लखमा आणि वाडीतली चार माणसं भोवती बसली. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक इराणी आजी होती आणि ती तनाझच झाली होती. लोबान, घंटा, बंब, गालिच्यावरचं अंडं, सगळं त्यात होतं. घंटा वाजल्यावर ती आजी हात छातीशी घेऊन, तोंड उघडं टाकून जागच्या जागी थिजली. लखमा हसता हसता माझ्या अंगावर पडली. "अगं बाय, ही तर आपली माय!" कितीतरी दिवसांनी त्या अंगणात कुणी हसत होतं.

माय हसली नाही. "मी अशी दिसते?" तिनं मला विचारलं. मी लॅपटॉप मिटला. "तिकडच्या लोकांनी पण बघितलं? ते पण हसले?" खोटं बोलवेना. तिनं रुमाल कपाळावर ओढून घेतला. मला तनाझचा फार राग आला.

तेवढ्यात तनाझचाच व्हिडिओ कॉल आला. सिनेमा कसा वाटला, हे तिला ऐकायचं होतं. मायनं फोन हातात घेतला. "हसवायला तुला दुसरं कोण नाही मिळालं?" तनाझ काही सांगू लागली आणि जमिनीखालून तो आवाज आला. हा धक्का आधीच्या सगळ्यांहून मोठा होता. कौलं खडखडली, लखमानं मायला मिठीत ओढलं, फोन कुठेतरी उडाला आणि स्वयंपाकघराचा कोपरा आमच्या डोळ्यांदेखत खाली आला. कुणाला लागलं नाही. फोन उचलायला मी रांगत गेले.

रेंज यायला बराच वेळ लागला. फोन जोडला गेला तेव्हा तनाझ समोर होती. हात छातीशी, तोंड उघडं, आणि आवाज मुळीच नाही. तिनं आम्हाला ओरडताना ऐकलं होतं आणि मग फोन बंद पडला होता. माय त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "हे नाटक नाही," ती मला म्हणाली. मग फोन अगदी तोंडाजवळ धरला. "दिकरी, मी आहे. बघ ने, मी आहे. श्वास घे. आधी पाणी पी." तनाझला रडू फुटेपर्यंत माय हेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "केकीला सांग, तिकीट काढ." मला वाटलं, पडलेली भिंत बघून ती खचली. पण तिनं भिंतीकडे पाहिलंही नाही. "ती पोरगी तिकडे जेवत नाही, झोपत नाही, रात्री रडताना सांगत होती. माझी नक्कल करता करता खरंच माझ्यासारखी झाली."

केकी न्यायला आला. दिवा क्रेटसकट घोलवडला मायच्या नणंदेकडे पोचवला गेला. मायनं लखमाला सतरा सूचना दिल्या, मला कवटाळलं आणि गाडीत बसली. मी खिडकीशी वाकून विचारलं, "माय, विमानाची भीती गेली का?"

"गेली कुठे?" तिनं माझा गाल चिमटीत धरला. "पण ती तिथे एकटी भिते, मी इथे एकटी भिते. त्यापेक्षा एका घरात बसून भिऊ."

गाडी चारोटीच्या हायवेकडे गेली. माय पुन्हा डहाणूला आली नाही. त्या संध्याकाळी जमीन परत हलली. मी माझ्या ताडपत्रीखालून निघाले ती लखमाकडे धावत सुटले, तर वाटेतच लखमा माझ्याकडे येताना भेटली.