पिणारा मामा

माझ्या भाचीच्या सासरी मला पिणारा मामा म्हणतात. मी दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही. पण हे नाव मला चिकटलं ते माझ्याच घरच्यांच्या संमतीने, आणि मीही मान खाली घालून ते घेतलं. मान खाली घालून, असं आपलं म्हणायचं. माझी मान खालीही जात नाही आणि वरही जात नाही.

दुखणं मणक्याच्या सांध्यांचं आहे. सांध्यांना आतून सूज येते, ती वर्षानुवर्षं राहते आणि हळूहळू मणके एकमेकांना धरून बसतात, असं नागपूरच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. ते कळेपर्यंत मी आर्णीतल्या सगळ्या मालिशवाल्यांच्या पोटापाण्याचा बंदोबस्त करून बसलो होतो. या दुखण्याचं नाव इतकं लांब आहे की दुकानात कोणी विचारलं तर मी "कंबर धरली" एवढंच सांगतो. माझं कृषी केंद्र आहे. फवारणीचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला माझ्या मणक्यांची नावं कशाला हवीत?

याचा विचित्रपणा असा की आराम केला की हे वाढतं आणि हिंडलं-फिरलं की कमी होतं. पहाटे दुखण्यानेच जाग येते. मग कुशीवर वळायचं, हाताने रेटा द्यायचा, भिंत धरायची, आणि उभं राहिल्यावरही पाय आपले वाटेपर्यंत तिथेच थांबायचं. मोजे बायको चढवून देते. तेवढा वेळ मी कॅलेंडरकडे बघत असतो. दुपारपर्यंत अंग सुटतं आणि मी दुकानात चांगला हिंडत असतो. ज्यांनी मला सकाळी पाहिलं ते म्हणतात, लाटसाहेब उशिरा उठतात. ज्यांनी दुपारी पाहिलं ते म्हणतात, याला काय धाड भरली आहे.

बरं, एकाच जागी दुखावं, तर तेही नाही. कधी टाचा अशा दुखतात की चपलेत पाय ठेववत नाही. त्या बऱ्या होतात तोवर कुल्ल्यात कळ सुरू. कधी बरगड्या आवळल्यासारख्या होतात, शिंक आली तर जीव घाबरतो. काही न करता थकवा येतो. आणि मधूनच एक डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही. पाठीच्या दुखण्याने डोळा कसा लाल होईल, हे मी अजून एकाही माणसाला पटवू शकलेलो नाही. आज टाच, उद्या बरगडी, परवा डोळा. ऐकणाऱ्याला वाटावं, हा बहाणे बदलतो आहे. खरं सांगतो, कधी कधी मलाही तसंच वाटायचं. दुखण्याची सवय होते, पण खोटारडा दिसण्याची होत नाही. मला सगळ्यात जास्त कशाने पोखरलं असेल तर त्या लाजेने.

माझी मोठी बहीण घाटंजीला दिलेली. तिला एकच मुलगी. बाभुळगावचं चांगलं स्थळ जुळलं तेव्हा ताईचा फोन आला. तारीख वगैरे सांगून झाल्यावर तिने आवाज खाली आणला.

"तुह्या पाठीचं कोणाले सांगजो नको. हाडाचा रोग आहे घराण्यात म्हणतील. पोरीचं जमलेलं मोडन."

"मी कायले सांगतो, ताई?"

"सांगत नाही रे तू. पण दिसते ना."

दिसते ना. हे तिने इतक्या मायेने म्हटलं की मला रागही आला नाही. मी फक्त आरशासमोर जाऊन उभा राहिलो आणि अर्धवट वळून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, आपण कडेने कसे दिसतो ते पाहिलं. खांदे पुढे, डोकं पुढे. काहीतरी हरवलेलं शोधत चाललेला माणूस.

आमच्याकडे मामाने भाचीला उचलून बोहल्यावर आणायची पद्धत आहे. आता बहुतेक जण नुसता हात धरून आणतात, पण आमच्या ताईला सगळं रीतीने हवं होतं. आणि मलाही. ही पोरगी लहानपणी माझ्या दुकानातल्या पोत्यांवर झोपायची. मग मी रोज दुपारी, अंग सुटलेलं असताना, गोदामाचं दार लोटून घेऊन युरियाची गोणी उचलून बघायला लागलो. पहिल्यांदा गोणी घेऊन सरळ होता येईना. नंतर यायला लागलं. मुहूर्त संध्याकाळचा निघाला तेव्हा मी देवाला हात जोडले, कारण सकाळचा असता तर मलाच उचलून आणावं लागलं असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी उजवा डोळा लाल झाला.

दुपारी मंगल कार्यालयात पोचेपर्यंत तो फुटेल की काय असं वाटत होतं. त्यात मे महिन्याचं ऊन. मी काळा गॉगल लावला. घाटंजीपर्यंतच्या प्रवासात बसून बसून कंबर आखडली होती, टाचा ठणकत होत्या, त्यामुळे चालणं फेंगडं. वरपक्ष आला. व्याह्यांच्या भेटी सुरू झाल्या. नवरदेवाच्या काकांनी मला मागून हाक मारली. मला नुसती मान वळवता येत नाही, सगळं अंग फिरवावं लागतं, आणि तसं फिरताना माझा तोल गेला. मी एका खुर्चीला धरलं. गॉगल घसरला. त्यांनी माझा डोळा पाहिला.

"काय मामासाहेब, दुपारीच लावून आले काय?" ते हसत म्हणाले. आजूबाजूचे चारजण हसले.

मी तोंड उघडलं. ताई माझ्या बाजूलाच उभी होती. मी बोलण्याआधी ती बोलली.

"भाचीच्या लग्नाची खुशी आहे जी. घेतली असंल थोडी. एरवी तसा नाही तो."

मी ताईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि तिचा हात माझ्या दंडावर घट्ट रुतला होता. नंतर सामानाच्या खोलीत तिने मला सांगितलं, "पिणारा मामा चालते रे. दुखण्याचा नाही चालत." आणि ती रडायला लागली. मीच तिची समजूत काढली.

मंगलाष्टकांच्या आधी मामाला बोलावणं आलं. मी नवरीच्या खोलीच्या दाराशी गेलो. कोणीतरी म्हणालं, "पिलेल्या माणसाच्या हाती नवरी देता काय?" मोठ्याने नाही म्हटलं, काळजीने म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. आमचा एक चुलतभाऊ पुढे झाला आणि त्याने भाचीला फुलासारखं उचललं. जाताना तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. शूटिंगवाल्याचा दिवा माझ्या डोळ्यांवर आला म्हणून मी तोंड फिरवलं. सगळ्यांनाच ते प्यालेल्या माणसाचं तोंड फिरवणं वाटलं असणार.

निघताना ती माझ्या पाया पडली. वाकून तिला उठवणं मला जमलं नाही. मी वरूनच हात ठेवायला गेलो, तर तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही.

त्यानंतर मी पिणारा मामा झालो. गंमत अशी की ते सोपं गेलं. दारुड्याला लोक माफ करतात, चहा पाजून सोडायला सांगतात, त्याचा एखादा मित्रही निघतो. आजाऱ्याकडून मात्र बरं होण्याची अपेक्षा असते. बाभुळगावकडचा एखादा माणूस दुकानात आला आणि मिश्कील हसला की मीही हसायचो, आणि तो गेल्यावर स्वतःचीच किळस यायची.

दिवाळी आली. भाऊबीजेला ताई माझ्याकडे येते, या वेळी लेक-जावयालाही घेऊन आली. आदल्या संध्याकाळी सगळे पोचले. बोलणी, हसणी, फराळ झाला. भाचीचं तोंड उतरलेलं दिसलं, पण नवीन संसार आहे, असेल काही, असं म्हणून मी सोडून दिलं.

पहाटे मी नेहमीप्रमाणे उठून भिंत धरून हॉलमध्ये आलो. ताई आणि भाची तिथेच गादी टाकून झोपल्या होत्या. ताई आधीच उठून न्हाणीघरात गेली होती. भाची उठत होती. ती कुशीवर वळली. हाताने रेटा दिला. गुडघ्यावर आली आणि तिथेच थांबली, डोळे मिटून. मग भिंत धरली. उभी राहिल्यावर टाचा टेकवल्या नाहीत, चवड्यांवर दोन पावलं टाकली, आणि मग कुठे श्वास सोडला.

मला तिच्यात माझंच उठणं दिसलं.

आणि मला आनंद झाला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. क्षणभरच, पण झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कोणीतरी तसं उठत होतं, मी खोटा नव्हतो, आणि माझं काळीज हलकं झालं. समोर कोण होतं हे त्यानंतर माझ्या ध्यानात आलं. मी भिंत धरून तसाच उभा राहिलो. तिने मला पाहिलं आणि पटकन सरळ व्हायला गेली. तिला सरळ होता आलं नाही.

चहाच्या वेळी सगळे बसलो होतो. जावई चांगला माणूस आहे, थट्टेखोर.

"मामा, तुमची भाची लय आळशी आहे बरं," तो म्हणाला. "सकाळी उठाचं नावच नाही. आई म्हणते, पोरीले कामाची सवयच नाही लावली."

भाची हसली. ते हसणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं, लग्नातल्यासारखंच. बोलू नको. तिला तोवर काहीच माहीत नव्हतं, ती बिचारी फक्त जुनं झाकण धरून बसली होती.

"आळशी नाही ती," मी म्हणालो. "सकाळी तिची पाठ धरते, चाललं की सुटते. टाचा दुखतात. हो ना गं?"

भाचीने कप खाली ठेवला. "तुमाले कसं माहीत?"

मग मी सांगितलं. सगळं. मणके, टाचा, डोळा. मोज्यांचंही सांगितलं. मी वर्षानुवर्षं अंगावर काढलं म्हणून असा झालो, आता लवकर कळलं तर औषधं आहेत, व्यायाम आहे, इतकं वाकडं व्हावं लागत नाही. तिला हेच असेल असं मी म्हणत नाही, पण दिवाळी झाली की डॉक्टरांना दाखवा. जावई ऐकत होता. त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली होती.

"म्हणजे लग्नात तुम्ही..." तो अडखळला. "तुम्ही पीतच नाही?"

"नाही."

भाची म्हणाली, "मले वाटे, मी आळशीच आहो," आणि मग तिला रडू आवरेना. जावयाने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुखेल की काय म्हणून लगेच उचलला. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

संध्याकाळी ओवाळायची वेळ झाली. पाटावर मला बसता येत नाही, म्हणून मी खुर्चीवर बसलो. ताई ताट घेऊन समोर आली. तिचे डोळे सुजले होते. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि ताट हातात धरून तशीच थांबली.

"तू अगोदर काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली.

तूच तर सांगू नको म्हणाली होतीस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मला पहाटेचा तो क्षणभराचा आनंद आठवला, तिच्या लेकीला उठताना पाहून झालेला. तिने मला ओवाळलं, आणि दिव्याचा उजेड डोळ्यांत गेला तरी मी या वेळी तोंड फिरवलं नाही.