धावपट्टीच्या टोकावरून परत

दातांच्या डॉक्टरला उतारवयात विमानाचं वेड लागलं, तेव्हा त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला होता. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आपलं दोन आसनी जुनं विमान पुसत बसायचं! पण पुढे तिलाही त्याची गोडी लागली. तिचं माहेर आखाताच्या पलीकडे. गाडीने वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. विमानाने निघालं की गप्पा रंगात येईपर्यंत ते गाव दिसायचंच. आवाज ऐकून तिची आई गच्चीवर यायची आणि हातात असेल तो टॉवेल हलवायची.

एका सकाळी तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईचं काही खरं नाही. शुद्ध आहे तोवर ये."

दोघं तशीच विमानतळावर धावली. डॉक्टरच्या मनात मात्र आधीपासून पाल चुकचुकत होती. मागच्या फेरीत, हवेत असताना, इंजिनाने एकदाच उचकी दिली होती. मेकॅनिकने खोलून पाहिलं, काही सापडलं नव्हतं.

धावपट्टीच्या टोकाला थांबून त्याने ब्रेक दाबले आणि इंजिनाचा वेग वाढवला. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या दोन जोडण्या असतात. उडण्याआधी एकेक बंद करून दुसरीवर ते नीट चालतंय ना, ते बघायचं. पहिलीवर ठीक चाललं. दुसरीवर सगळं विमान थरथरलं. त्याने थोडा वेळ इंजिन तापवून पुन्हा पाहिलं. आता सुरळीत. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा ते किंचित अडखळलं, की त्यालाच तसं वाटलं, कोण जाणे.

"आता ठीक चाललंय ना?" बायकोने विचारलं.

"चाललंय."

"मग?"

त्याने वर पाहिलं. ढग खाली उतरले होते. म्हणजे पाण्यावरून खालूनच जावं लागणार, आणि मध्येच इंजिन बंद पडलं तर कुठलाच किनारा गाठता येणार नाही.

"माझं मन घेत नाही."

"अहो, आई वाट बघतेय." तिने त्याचा दंड धरला. "आजच्या दिवस. पुन्हा कधी म्हणणार नाही."

त्याने इंजिन बंद केलं. पंखा थांबला, तरी ती पट्टा सोडेना. शेवटी त्यानेच सोडवला.

गाडी अर्ध्या वाटेवर असताना फोन वाजला. भाऊ नुसतं "ताई" म्हणाला. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

माहेरी कुणी वाकडं बोललं नाही. मेहुण्याने फक्त एवढंच सांगितलं, "दाजी, आईने दोनदा विचारलं, विमानाचा आवाज येतोय का म्हणून." त्यापेक्षा त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतल्यावर डॉक्टरने इंजिन पुरतं सुटं करायला लावलं. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "प्लग जरा काळे होते. बाकी काही नाही. कदाचित पोचला असता, कदाचित नसता." मग आवाज उतरवून म्हणाला, "डॉक्टर, वहिनींना सांगायला एखादं कारण देऊ का? व्हॉल्व्ह गेला होता म्हणू?"

डॉक्टर सुट्या भागांतला एक प्लग उचलून फडक्याने पुसू लागला. "नको," म्हणाला.

घरी बोलणं कामापुरतं उरलं. पुष्कळ दिवसांनी, वाळलेले कपडे आवरताना, तिने मान वर न करता विचारलं, "मी बाजूला नसते, तर गेला असता?"

खोटं बोलणं सोपं होतं. "गेलो असतो बहुतेक," तो म्हणाला.

"म्हणजे माझ्यामुळेच राहिलं."

त्याला असं म्हणायचं नव्हतं. तो सांगायला गेला, तोवर तिने चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि घडी घालण्यासाठी मागे सरकली.