न भिजवलेली बरणी

अनसूया गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कैरीच्या फोडी करत बसले होते. खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते असं की, आता सगळी आळी हिचंच कौतुक करणार आणि मला ते मान हलवत ऐकावं लागणार. झालंही तसंच. तेराव्याची शेवटची पंगत उठेपर्यंत तिचा हात, तिचं बोलणं, तिचं हसणं... मी वाढत होते आणि ऐकत होते. मेलेल्या माणसाचाही हेवा करते म्हणून कोणी मला नावं ठेवली तर खुशाल ठेवावीत. लग्न होऊन आल्यापासून जपलेला हेवा, ती जाऊन दीड महिना झाला, तेवढ्यात कसा सुटणार?

नांदुऱ्यात आम्ही दोघी एकाच वर्षी सासरी आलो. तिचं माहेर वडनेर भोलजी, माझं संग्रामपूर. तिचे यजमान दवाखान्यात कंपाउंडर, माझे कापसाच्या जिनात मुनीम. घरं समोरासमोर, त्यामुळे तुलना व्हायला कोणाला लांब जावं लागत नसे. माझी रांगोळी ठिपके मोजून काढलेली, एक रेघ इकडची तिकडे नाही. लोक मात्र थांबायचे तिच्या दारात. माझ्या लुगड्याचा रंग ज्यांच्या कधी ध्यानात आला नाही, ते आमचे मुनीम एके दिवशी जेवताना म्हणाले, "कंपाउंडरीणबाईंच्या दारातला मोर पाहिला का?" पुढचे आठ दिवस मी त्यांना बिनफोडणीचं वरण वाढलं. का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग लढाईचे दिवस आले. तांब्या-पितळेची भांडी बाजारात दिसेनाशी झाली आणि संक्रांतीला वाण काय लुटावं हा सगळ्यांपुढेच प्रश्न पडला. मी खणांवर भागवलं. अनसूयेच्या घरी दवाखान्यातून आलेल्या जाड काचेच्या रिकाम्या बरण्या पडून होत्या. तिने त्या उकळत्या पाण्याने धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि विटेची भुकटी कपडछान करून ती गेरूसह डिंकाच्या पाण्यात कालवली. डिंक धावड्याचा, माझ्याच माहेरून आलेला. मीच तो तिला दिला होता, काय करणार आहे हे ठाऊक नसताना. चिंधीच्या बोळ्याने ती काचेवर लेप टिपायची, वाळला की दुसरा, मग तिसरा. तोंडाशी आतल्या बाजूनेही बोटभर. वर काडीने पांढरी वेल, कणसं, चिमण्या. मी शेजारी बसून पाहत होते. संध्याकाळपर्यंत काच कुठे गेली कळेना. भट्टीतून नुकतीच निघालेली भाजक्या मातीची बरणी वाटावी. असं मला का सुचत नाही?

"कोणाले सांगू नको वं," ती म्हणाली. "कोणाले ओळखू येते काय, ते पाहू. पन जाताना दारात तू सगळ्याइले सांगजो, काचेची हाये, पान्यात टाकू नका म्हना. मी आत हळदीकुंकवात गुतलेली राहीन."

हे सांगणं गरजेचंच होतं. नवं मडकं घरी आलं की आधी पाण्यात बुडवून ठेवायचं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. हात आपोआप बादलीकडे जातो. आणि डिंकाचा लेप पाण्यात किती टिकणार?

हळदीकुंकवाला बायकांनी त्या बरण्या हातात घेतल्या आणि एकच गलका झाला. "कोन्या कुंभाराकडून आनल्या वं?" "अवं माय, चिमनी तं पाहा, आता उडते!" माझ्या खणांबद्दल आदल्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी दारात उभी होते. एकेक बाई तीळगूळ भरलेली बरणी पदराखाली धरून माझ्यासमोरून गेली. मी प्रत्येकीला हसून "या" म्हटलं. तेवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बादल्यांत गढूळ लाल पाणी होतं आणि तळाशी दवाखान्याच्या बरण्या. एकीच्या बरणीवर तर औषधाच्या चिठ्ठीचा तुकडाही निघाला. "आमाले रोग्याच्या बाटल्या वाटल्या!" इथपासून जे सुरू झालं ते महिनाभर पुरलं. सणाचं वाण आणि औषधाची बाटली... काही घरांत तो तीळगूळ गाईपुढे टाकला.

अनसूया माझ्याकडे आली. तिच्या नखांत अजून गेरू होता. "तू सांगतलं नव्हतं काय वं?"

"सांगतलं ना," मी म्हणाले. "घाईत कोनी ध्यान देलं नसन."

तिची नजर माझ्या कोनाड्यातल्या, मला वाणात मिळालेल्या बरणीवर गेली. कोरडी, अख्खी, चिमणीसकट. एखाद्या बाईला जाऊन विचारलं असतं तरी माझं खोटं उघडं पडलं असतं. तिने विचारलं नाही. उलट घरोघरी जाऊन म्हणाली, "माहीच चुकी झाली. सांगाले भुलली मी." त्यानंतर तिने कधी वाण लुटलं नाही, एकही बरणी रंगवली नाही. दारातली रांगोळीसुद्धा चार ठिपक्यांवर आली. मला वाटलं होतं, आता तरी माझ्या जिवाला थंडावा मिळेल. कसला मिळतो! इतकं गिळून ती माझ्याकडे दह्याला विरजण मागायला येत राहिली, आणि मला तिच्या त्या मोठेपणाचाही हेवा वाटू लागला.

गेल्या आठवड्यात तिची मुलगी सुमन आली होती. कोनाड्यापुढे उभी राहून म्हणाली, "मावशी, आईच्या हातची येकही वस्तू आमच्या घरी नाही. तुमची येकटीचीच काऊन टिकली?" मी पदराने बरणी पुसत बसले. उत्तर तोंडातून फुटेना, म्हणून हे लिहिलं.

सुमन, बरणी कापडात गुंडाळून ठेवली आहे. हे वाचून झाल्यावरही माझ्या दारात यावंसं वाटलं तर ये आणि घेऊन जा. तुझ्या आईची आहे ती, कधीच माझी नव्हती. आणि बाई, काचेची आहे... पाण्यात टाकू नकोस.