मधल्या खोलीतला कापूस आणि चार अँटेनांचा राउटर

खोलीभर कापूस भरलेला असेल तर त्यातून वायफाय जातं का? मला माहीत नाही. मी बीएस्सी आहे, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि तरीही हे मला सांगता येत नाही...

आमचं गाव मोझरीच्या पुढे. गावात फायबर आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, कारण धाकटी बहीण पल्लवी बारावीला आहे. तिला क्लाससाठी अकोल्याला ठेवणं यंदा जमलं नाही. त्याच क्लासचं लाइव्ह शिकवणं घरी बसून बघायचं, असं ठरलं.

फायबर पुढच्या खोलीत आलं. तिथे दिवसभर माणसं बसून कापसाच्या भावाचं बोलत असतात, म्हणून पल्लवी अभ्यासाला मागच्या खोलीत बसते. मधली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली... भाव येईल म्हणून बाबांनी तो दिवाळीपासून धरून ठेवलाय. मागे जायचं तर अंगणातून वळसा घालावा लागतो. त्या कापसाने घरभर सगळ्यांच्या अंगाला खाज.

राउटर मी निवडला. अमरावतीला नोकरीसाठी रोज अपडाऊन करते, तेव्हा आठवडाभर एसटीत बसून रिव्ह्यू वाचले. दुकानदार सलीमभाईंनी एवढंच विचारलं, "ताई, मधात भिंती किती?" मी म्हटलं, दोन, विटांच्या. ते म्हणाले, "मंग साधा घ्या, अन् वायर टाकून घ्या." मला ते जुनाट वाटलं. मी चार अँटेनांचा घेतला.

पुढच्या खोलीत व्हिडिओ सुरेख चालला. मागे मात्र दर दोन मिनिटांनी तो अडकून नुसतं चक्र फिरायला लागलं... "ताई, सर पुन्हा थांबले व," पल्लवी आतून ओरडायची. आई म्हणाली, "चार शिंगाचा आणला, तरी चालून नाही राहिला?"

मी चिडले होते, थकलेही होते. वहीच्या पानावर घराचा नकाशा काढला, मधल्या खोलीवर पेन्सिल ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, कापूस सिग्नल अडवतोय. खरं तर तो माझा अंदाज होता. पण मी तो शिकलेल्या माणसाने सांगावा तसा ठामपणे सांगितला... बाबा नकाशाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसला निघाले तर बाबा अंगणात फोनवर होते. "हो, या उद्या गाडी घेऊन. जो भाव असन तो द्या."

एवढे महिने व्यापाऱ्याला दारातून परत पाठवणारा माणूस... मी म्हटलं, बाबा, हे काय?

"तूच तं म्हणे, कापूस आडवा येऊन राहिला. पोरीचं वर्ष जाऊ द्याचं का?"

माझ्या एका अंदाजावर त्यांनी वर्षाचं पीक पडत्या भावात द्यायची तयारी केली होती. खात्री आहे का, असंही विचारलं नव्हतं. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, एवढंच.

त्या दिवशी ऑफिसला गेले नाही, राउटर काढून डब्यात घातला आणि सरळ दुकानात गेले. सगळं ऐकून सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "कापूस हाय हे सांगाचं ना पहिले! आमच्या सासऱ्याच्या घरी बी तेच हाय, झोपाले जागा नाही." उघडलेला डबा ते परत घेत नाहीत, माझा घेतला. बदल्यात एक साधा राउटर आणि लांब वायर दिली.

दुपारी मी आणि पल्लवीने शिडी लावून पुढच्या खोलीतल्या फायबरच्या डबीपासून वायर अंगणाच्या बाजूने पत्र्याखालून मागच्या खोलीत नेली. नवा राउटर तिच्या टेबलावर ठेवला. पाचचा क्लास संपेपर्यंत मी तिच्याशेजारी बसून होते... सर एकदाही थांबले नाहीत.

बाबांना सांगितलं, माझं चुकलं होतं, वायर टाकल्यावर चालतंय, कापूस राहू द्या. ते "बरं" म्हणाले आणि तसेच बसून राहिले. दिलेला शब्द फिरवायचा त्यांना संकोच वाटत होता, हे कळत होतं. मग त्यांचा फोन घेऊन मीच व्यापाऱ्याला लावला आणि सांगितलं, काका, उद्या गाडी आणू नका.