पासवाल्यांची रांग

तुमच्या वर्गात फळ्यावर गणित सोडवायला कोण जायचं, आठवतं? आणि कोण कधीच गेलं नाही, ते आठवतं का?

मी दहावीत एकदाच गेले. त्याबद्दल सांगते.

निर्देशक भूमितीचा तास होता. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं होतं. पहिला बिंदू वजा तीन, दोन. दुसरा एक, वजा एक. सरांच्या भावकीतला एक मुलगा फळ्यावर होता. त्यानं एकातून तीन वजा केले आणि अडकला. सर म्हणाले, "घाई झाली का रे बाळा? बघ बरं परत." त्याला वेळ दिला. तो खडू फिरवत उभा राहिला. मी दाराजवळच्या रांगेतून म्हणाले, "सर, कंसातला वजा राह्यला."

वर्ग माझ्याकडं वळला. आमच्या रांगेतून कुणी बोलत नसे.

"ये," सर म्हणाले. "तू लिही."

मी लिहिलं. एक वजा, कंसात वजा तीन. म्हणजे एक अधिक तीन, चार. वजा एक वजा दोन, वजा तीन. चाराचा वर्ग सोळा, वजा तीनचा वर्ग नऊ. बेरीज पंचवीस. वर्गमूळ पाच. एकाखाली एक, सगळ्या ओळी. बरोबरीची चिन्हंसुद्धा एका रेषेत आली.

"कुणाचं पाह्यलं?"

"कुणाचंच न्हाई सर."

"मंग पाठ केलंस." त्यांनी डस्टर घेतलं आणि माझं सगळं पुसलं. "तुमच्यासाठी दोन ओळी ठरवून दिल्यात ना? सूत्र लिहायचं, किमती टाकायच्या, खाली बसायचं. पुढचं तुला काय करायचंय? बोटं चांगली हायेत तुमची. क्रॉसिंगला कामाला येतील. आईला विचार."

वर्ग हसला. आमची रांगसुद्धा हसली. ते जास्त लागलं.

आई सरांच्याच शेडनेटमध्ये, जाळीखालच्या शेतात, कामाला होती. आमच्याकडं बियाण्यासाठी मिरचीचं क्रॉसिंग करतात. कळी उमलायच्या आत उघडायची, आतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, मग दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. बारीक काम. बायका आणि पोरींना बोलावतात. सर शाळेत सर होते आणि शेडात मालक. मी हे दोन वेगळे समजत होते. त्या दिवशी कळलं, माणूस एकच आहे.

आता रांगांचं सांगते. आमचं गाव राजूरच्या रस्त्यावर. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. नववीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडं मार्कवाले, दाराकडं पासवाले. हुशारीवरून केले, असं सांगितलं. चाचणी झालीच नव्हती. हजेरीपट उघडला, आडनावं वाचली, रांगा लागल्या. ओढ्यापलीकडची सगळी आडनावं दाराकडं.

पासवाल्यांना प्रत्येक गणिताच्या दोनच ओळी शिकवायचे. सूत्राला मार्क असतो, किमती मांडायला असतो. तेवढे गोळा करा, पास व्हाल. समीकरणांची जोडी आली की एका चलाची किंमत काढून थांबायचं. आलेखाचा कागद आम्हाला देत नसत. वाया जातो म्हणायचे.

आणि आमची माणसं सरांचे उपकार मानायची. "सर पोरायला पास करून देतेत," वडील चारचौघांत सांगायचे. वस्तीत चळवळीची पत्रकं यायची, अक्षर लावायला शिकले तेव्हापासून मी ती वाचत होते. हक्क, समता, अन्याय. सगळे शब्द मला पाठ होते. तरी दोन वर्षं मी त्या रांगेत बसले आणि याला अन्याय म्हणतात हे मला सुचलं नाही. कारण कुणी मारत नव्हतं. कुणी शिवी देत नव्हतं. फक्त तिसरी ओळ शिकवत नव्हतं.

पुढच्या ओळी मी पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांवरून शिकले. उत्तर झाकायचं, स्वतः करायचं, मग हात काढून बघायचं. बस. त्यात चमत्कार काही नाही.

फळ्यावर गेले त्या दिवशी संध्याकाळी आई शेडातून घरी आली. भाकरी थापता थापता म्हणाली, "सर म्हनले पोरीला समजावा. तू कायले बोलतीस ग बाई मधी?"

"गणित चुकलं होतं."

"चुकू दे की. त्यायचं चुकलं तं त्यायचं जाईल."

दिवाळीपर्यंत मी वर्गात परत तोंड उघडलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ताईकडं वडीगोद्रीला गेले. माझी थोरली बहीण. तीही त्याच शाळेत, त्याच रांगेत बसलेली. दहावीला गणितात राहिली. सर म्हणाले, एवढं सोपं करून दिलं तरी जमलं नाही. घरचे म्हणाले, हिच्या डोक्यात शिरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावलं. सासरच्यांचं हायवेला चहा-भज्यांचं हॉटेल आहे. ताई कढईजवळ बसते.

दुपारी गिऱ्हाईक कमी होतं. मी बाकड्यावर अंतराची गणितं करत होते. ताई मागं येऊन उभी राहिली.

"हे मला यायचं."

"कितपत?"

"सूत्र. आन किमती."

"पुढं?"

"पुढं काय असतंय काय माहीत. तिथंच थांबवायचे ना."

मी पेन तिच्या हातात दिला. भजी बांधायचा पेपर ओढून तिनं कोऱ्या कडेला लिहिलं. सूत्र अजून तोंडपाठ. किमती टाकल्या आणि हात आपोआप थांबला. "आता कंस सोडव," मी म्हणाले. तिनं सोडवला. "वर्ग कर." केला. "बेरीज." बोटाला बेसन लागलेलं, पेन घसरत होता. वर्गमुळाला थोडी अडली, पाढा म्हटला आणि दहा लिहिलं.

"बराबर हाये का?"

"बरोबर आहे ताई."

मला वाटलं, हसेल. ती कागदाकडं बघत राहिली.

"एवढंच होतं का ग?"

तिनं दहावर बोट ठेवलं.

"एवढंच होतं? मी तं समजून चालले, मला डोकंच न्हाई. सासूबाई हिशेबावरून हटकून बोलत्यात, तवा मी म्हनते, माझंच चुकलं असंल. आन एवढंच होतं."

बाहेर कुणीतरी दोन कट चहा मागितले. ताई उठली, स्टोव्हला हवा भरू लागली. भरतच राहिली. चहा ठेवायचा विसरली.

मला त्या दुपारी जे समजलं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. माझी बहीण नापास झाली नव्हती. तिला अर्ध्या गणितात उभं करून ठेवलं होतं, आणि ती लग्न होऊन, पोरं होऊन, अजून तिथंच उभी होती.

पूर्वपरीक्षेला भूमितीच्या पेपरात पहिला तास संपला तसे सर दाराकडच्या रांगेत आले. रिवाज होता. पासवाल्यांनी आपल्या दोन-दोन ओळी लिहून उठायचं, पेपर द्यायचा, घरी जायचं. एकेक जण उठला. सरांनी माझ्या पेपरला हात घातला.

"झालं तुझं."

मी पेपरवर दोन्ही हात ठेवले. "माझा झाला न्हाई सर."

"पासवाल्यांचा झाला."

"माझा झाला न्हाई."

त्यांनी ओढला. कोपरा फाटला. मी हात उचलले नाहीत. खिडकीकडची पोरं लिहायची थांबून बघत होती. सर हळू आवाजात म्हणाले, "आईचा विचार कर."

मी केला. खरंच केला. मग पुढचं गणित सोडवायला घेतलं. शेवटची घंटा झाली तेव्हा दाराकडच्या रांगेत मी एकटी होते.

दुसऱ्या दिवशी आईला शेडनेटच्या दारातूनच परत पाठवलं. बाया भरल्या म्हणे. ती घरी आली, उंबऱ्यावर बसली. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले. तिनं विचारलं, "मंग पेपर पुरा झाला का?"

"झाला."

"बरं," म्हणाली. तेव्हापासून लांबच्या शिवारात कापूस वेचायला जाते. गुडघे दुखतात. हे माझ्यामुळं आहे. मी ते गोड करून सांगणार नाही.

बोर्डात किती मार्क पडले, असं लोक विचारतात. मी सांगत नाही. जास्त असतील तर म्हणाल, बघा, जिद्द असली की होतं. कमी असतील तर म्हणाल, सरांचं बरोबर होतं. दोन्हीत रांगेचा जाब कुणी विचारत नाही.

ताईला परीक्षेचा फॉर्म भर म्हणाले. "वेळ गेली ग," म्हणाली. मी हट्ट केला नाही. गेलेली वेळ मला परत देता येत नाही. पण तिची मुलगी आता शाळेत जाते. माझी चुलत बहीण यंदा नववीत जाईल, त्याच वर्गात, त्याच सरांकडं. ज्या दिवशी हजेरीपट उघडून रांगा लागतील, त्या दिवशी मी वर्गाच्या दारात उभी असेन. मला बाहेर काढतील. मी परत जाईन.

तुम्हीही जा. तुमच्या गावातल्या, तुमच्या वॉर्डातल्या शाळेत. दाराजवळ बसलेल्या एका पोरीला फळ्यावर बोलवायला लावा आणि तिचं गणित उत्तरापर्यंत पोचेस्तोवर तिथंच थांबा. मग शिक्षकांना विचारा, या रांगा कशावरून लावल्या. उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.