वादीच्या वाटेवरच्या घराचा विमा

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमचे बाबा फोनवर मला म्हणाले, "आई, त्या घराचा विमा दरवर्षी वाढतोय, त्यात ते वादीच्या तोंडावर. विकून पुण्याला जा ना." तुम्ही दोघी मागे बसून ऐकत होतात. धाकटीने इंग्रजीत विचारलं, की मग आजी जात का नाही? मी "बघू" म्हणून विषय बदलला, कारण त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. काल यंदाच्या पॉलिसीचे कागद आले. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे ठाऊक आहे मला. अडलं तर बाबांना विचारा, पण आधी स्वतः प्रयत्न करा.

आजोबा मस्कतला नोकरीला आले तेव्हा आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. परदेशी माणसाला घर विकत घेता येईल अशा मोजक्या वसाहती इथे निघाल्या, तेव्हा आम्ही मस्कतजवळच्या बरका गावाच्या बाजूला एका वसाहतीच्या टोकाचं घर घेतलं. आयुष्यभराची कमाई त्यात घातली. पुण्यात आता आमचं काही नाही. म्हणजे हे घर गेलं तर आम्हाला घर नाही, इतकं सरळ आहे ते.

टोकाचं घर इतरांपेक्षा स्वस्त का, हे आम्ही विचारलं नाही. मागच्या अंगणापलीकडे वादी आहे. वादी म्हणजे डोंगरातून समुद्राकडे उतरणारं नदीचं पात्र, पण कोरडं. वर्षानुवर्षं त्यात फक्त दगड, बकऱ्या आणि संध्याकाळी फुटबॉल खेळणारी मंडळी. मुंबईत वाढलेल्या मला रिकामी नदी म्हणजे मोकळं मैदानच वाटलं.

घराचा विमा मी पहिल्या दिवसापासून ठेवला. हिरवी फाइल, दर वर्षाची पॉलिसी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. आजोबा म्हणायचे, "हिच्या फायलींना आग लागली तर त्यांचाही विमा निघेल." हसायचे, पण कागद लागला की माझ्याकडेच यायचे.

मग दोन-तीन मोठी वादळं या किनाऱ्यावर येऊन गेली. आमची वादी त्यांत कोरडीच राहिली, तरी हप्ता वाढू लागला. दोन वर्षांपूर्वी तो एकदम दुप्पट झाला. मी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचा एरिया आता हाय रिस्क आहे." मी विचारलं, "कोणी येऊन पाहिलं का?" ती म्हणाली, "सिस्टिममध्ये दिसतं."

तुमच्या बाबांनी तिकडून दुसरी कंपनी शोधली. "पाच मिनिटांत ऑनलाइन होतं, आई. अर्ध्या पैशात." मी अख्खी पॉलिसी छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. सतराव्या पानावर बारीक अक्षरांत होतं की वादीच्या पुराने झालेलं नुकसान यात धरलेलं नाही. आमच्या घराला धोका त्या एकाच गोष्टीचा होता. आजोबा म्हणाले, "म्हणजे छत्री घ्यायची, फक्त पावसात उघडायची नाही."

कुठली कंपनी भरवशाची हे जाहिरातींवरून कसं कळणार? मी ठरवलं, जे खरोखर बुडाले होते त्यांनाच विचारायचं. बरक्याच्या बाजारात एक रत्नागिरीकडचे दुकानदार आहेत. बादल्या, दोर, पंप, नळाचं सामान विकतात. आम्ही तीस वर्षांचे गिऱ्हाईक. वादळात त्यांचं दुकान कमरेपर्यंत बुडालं होतं.

"भाभी, कंपनीचा नाव काय इचारता?" ते म्हणाले. "पॉलिसी इकताना सगलेच गोड. बुडल्यावर चिखलात कोण उतरला, ता इचारा."

"मग कोण उतरलं?"

"माझ्या शेजारच्याला मेसेज आला. फोटो पाठवा, बिल पाठवा. अरे बिलं कागदाची, ती पाण्यात गेली! माझ्याकडं तिसऱ्या दिवशी एक पोरगी आली. बूट घालून. दुकानात शिरली, भिंतीवरची चिखलाची रेघ मोजली, आणि मलाच ओरडली, की पंपाच्या मोटारी खालच्या फळीवर का ठेवल्या?"

"आणि भरपाई?"

"मिलाली. सगली नाय, पण जेवढी बोलली तेवढी." मग माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाले, "सुकट देऊ? आज ताजी आली. घ्या, साहेबांना बोलू नका."

आम्ही घरी खात नाही हे त्यांना तीस वर्षं ठाऊक आहे, आणि तीस वर्षं ते विचारतात.

मी दुकानदारांच्याच कंपनीला फोन केला. त्यांनी दर सांगण्याआधी सर्व्हेयर पाठवली. तीच मुलगी. काळा अबाया, खाली खरोखरच जाड तळव्यांचे बूट, हातात टेप. मला तिने 'खालती' म्हणजे मावशी अशी हाक मारली. मी खजूर आणि कहवा पुढे ठेवला, हिरवी फाइल उघडली. तिने फाइल बंद केली आणि म्हणाली, "आधी वादी बघू."

आम्ही तिघं मागच्या दारातून पात्रात उतरलो. सतरा वर्षं मी त्या पात्राकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते, पण दहा पावलांपलीकडे कधी गेले नव्हते. ती आम्हाला अर्धा किलोमीटर वर घेऊन गेली. तिथे बाभळीसारखं एक काटेरी झाड आहे. "वर बघा," ती म्हणाली.

आजोबांच्या डोक्याच्याही वर, जिथे माझा हात पोचला नसता, त्या फांदीच्या बेचक्यात गवताचा, दोरांचा आणि पालापाचोळ्याचा सुकलेला भारा अडकला होता. त्यात एका गाडीच्या पुढच्या भागाचा तुकडा होता, नंबरप्लेटसकट. कुणी तो तिथे ठेवला नव्हता. पाणी तेवढ्या उंचीवरून गेलं होतं. मी भोवती पाहिलं. पात्र इकडून तिकडे शंभर पावलं तरी रुंद असेल. तेवढ्या रुंदीचं, तेवढ्या उंचीचं पाणी.  मग तिने एक दगड दाखवला, आमच्या गाडीएवढा. त्याच्या एका बाजूला पांढरा ओरखडा होता. "हा गेल्या पुरात वरून आला, तुम्ही इथे राहायला यायच्या आधी," ती इतक्या सहज म्हणाली, की जणू पाहुणा आला होता.

मी विचारलं, "इतकं सगळं तुला कुठे शिकवलं?" ती म्हणाली, "माझे आजोबा वादीच्या काठी शेती करायचे. ते म्हणायचे, पाणी दहा वर्षं बाहेरगावी गेलं तरी घराची वाट विसरत नाही."

परत येऊन तिने आमची मागची भिंत पाहिली आणि वाकून तळाशी हात फिरवला. "इथे भोकं होती. दर दोन मीटरवर. कुणी बुजवली?"

बाळांनो, ती मी बुजवली होती. राहायला आलो त्याच वर्षी. त्यातून रेती यायची, मांजरं यायची, एकदा विंचू आला. मी एवढी फरशी धुऊन लख्ख ठेवायची आणि सकाळी पुन्हा रेती. गवंडी बोलावला, सगळी भोकं विटा घालून बंद केली, वर प्लास्टर, वर रंग. मला वाटलं होतं, बांधणाऱ्यांनी काम अर्धवट सोडलंय.

ती जमिनीवर काठीने रेघा काढत म्हणाली, "खालती, बंद भिंत पाणी अडवत नाही. साठवते. साठून साठून भिंत पाडते, आणि मग सगळं एकदम घरात. भोकं असतील तर पाणी अंगणात येतं, अंगणातून पुढच्या रस्त्याने जातं. घर चार पायऱ्यांच्या जोत्यावर उगाच नाही बांधलं. घर तुमचं. अंगण वादीचं."

मग तिने जुन्या पॉलिसीचे अर्ज मागितले. दर वर्षीच्या अर्जावर एक प्रश्न होता: घराच्या बांधकामात काही बदल केला आहे का? आणि दर वर्षी, सोळा वेळा, माझ्या सुरेख अक्षरात: नाही. भोकं बुजवणं म्हणजे बांधकामात बदल, हे मला सुचलंच नव्हतं. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. मीच विचारलं, "म्हणजे पूर आला असता तर?" ती म्हणाली, "जुन्या कंपनीने हे पान उघडलं असतं." सोळा वर्षं मी ज्या फायलीच्या भरवशावर झोपत होते, ती एका शब्दावर निकामी होऊ शकली असती.

"भोकं उघडा," ती म्हणाली. "मग मी पुन्हा येईन, बघेन, आणि लिहीन."

गवंडी चार दिवसांनी येतो म्हणाला. आजोबांनी वाट पाहिली नाही. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, डोक्याला पंचा बांधून, हातोडी आणि छिन्नी घेऊन बसला. मी म्हटलं, "अहो, पाठ धरेल." ते म्हणाले, "तुझा बंदोबस्त उखडायची अशी संधी पुन्हा मिळायची नाही." तीन दिवसांत भोकं उघडली. ती आली, प्रत्येक भोकातून हात घालून पाहिला, आणि पॉलिसी दिली. स्वस्त नव्हती. जुन्या कंपनीच्या वाढलेल्या हप्त्यापेक्षा थोडी कमी, एवढंच.

आता वादी आली त्या दिवसाचं. गेल्या वर्षी, भर दुपारी, जेवणं झाल्यावर. आमच्याकडे पाऊस नव्हता. डोंगराच्या बाजूला फक्त आभाळ शाईसारखं झालं होतं. आधी आवाज आला. लांबून ट्रकांची रांग यावी तसा, पण थांबत नव्हता आणि जवळ येत होता. खिडकीची काच थरथरली. आजोबा म्हणाले, "गच्चीवर चल," आणि माझा हात धरून त्यांनी मला वर नेलं.

मी पाणी येताना पाहिलं. ते निळं, पांढरं असं काही नव्हतं. तपकिरी, जाड, पुढे फेसाची आणि काटक्यांची भिंत, आणि ती भिंत चालत होती. ज्या पात्रात काल बकऱ्या चरत होत्या ते पाच मिनिटांत भरून गेलं. दगड पाण्याखालून एकमेकांवर आपटत होते, तो आवाज छातीत लागत होता. एक अख्खं खजुराचं झाड मुळांसकट उभं वाहत गेलं. मी भ्यायला हवं होतं. भ्यायलेही असेन. पण मला आठवतं ते एवढंच, की मी हात जोडले होते आणि ते जोडलेत हे मला नंतर कळलं. इतकं मोठं काही मी आयुष्यात इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ते आमच्यावर रागावलेलं नव्हतं. ते आपल्या वाटेने चाललं होतं, आणि वाटेत आम्ही होतो.

मग ते भिंतीला लागलं. भिंत हलली, हे मी गच्चीवरून पाहिलं. क्षणभर वाटलं, गेली. आणि मग भोकांमधून पाण्याचे जाड जाड दोर आत अंगणात पडू लागले. अंगण भरलं. पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली, तिसरी बुडाली. आजोबा मोठ्याने मोजत होते. चौथीच्या काठाशी ते आलं, जरा रेंगाळलं, आणि पुढच्या फाटकातून रस्त्याकडे निघून गेलं. संध्याकाळपर्यंत उतरलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेयर आली, त्याच बुटांत. अंगणातली कोठीची खोली पडली होती, तिच्यात तुमच्या बाबांची शाळेची पुस्तकं आणि माझं शिवणाचं मशीन होतं. चिखल मोजून तिने कागद भरला. भरपाई मिळाली, ती बोलली तेवढी. यंदा हप्ता पुन्हा वाढला. तो का वाढला, हे आता मी त्या झाडाखाली उभी राहून आले असल्यामुळे मला समजतं. बाबांना सांगा, मी तो भरला आहे, आणि अर्जावर बदलाच्या रकान्यात सगळं खरं लिहिलं आहे.

कोठी परत बांधलेली नाही; अंगण वादीचं आहे. अंगणातली अर्धी फरशी वाहून गेली, ते तसंच आहे. घर उभं आहे, आणि आजोबा आणि मी त्यात राहतो.